गणपतराव ड्रायव्हरची अंबाडी

गडहिंग्लज डेपोत गणपतराव चौगल्यांचं नाव काढलं की जुने कंडक्टर अजून हसतात. माणूस गाडी चालवायला पक्का, आवाज असा की हॉर्नची गरज पडू नये, आणि नाद एकच, अंबाडीचा. मुक्कामी गाडी घेऊन गेलेले बाकीचे ड्रायव्हर त्या गावात कोंबडी कशी शिजते ते बघायचे. गणपतराव गाडी लावली की पहिल्यांदा बांधांवरून एक चक्कर मारून यायचे.

अंबाडी म्हटलं की शहरातल्या माणसाला भाजी आठवते, लसणाची फोडणी घातलेली. चौगल्यांच्या घरी अंबाडी म्हणजे आधी दोर. उंच वाढलेली झाडं कापायची, पेंढ्या बांधून ओढ्याच्या पाण्यात दगडांखाली कुजवायच्या, मग साल सोलून, धुऊन, वाळवून तिचा पांढरा वाख काढायचा आणि उन्हाळ्यात झाडाखाली बसून त्याला पीळ द्यायचा. गणपतरावांचे वडील आकाराम शेती सांभाळून हेच करायचे. बेंदराला गावातले निम्मे बैल त्यांच्या हातच्या वेसणी आणि कासरे घालून मिरवायचे. पुढं नायलॉन आलं आणि ते काम थांबलं. आकारामही गेले. बांधावर अंबाडी उरली ती भाजीपुरती.

गणपतरावांचा नाद सुरू झाला तो जयसिंगपूरच्या बाजाराच्या एका फेरीत. टपावर कांद्याची पोती लादली होती. वळणावर नायलॉनची दोरी काचली, तुटली आणि कांदे रस्ताभर झाले. टपावर राहिली फक्त एका म्हाताऱ्याची पोती, कारण ती त्यानं घरच्या अंबाडीच्या चऱ्हाटानं बांधली होती. बाकीची माणसं कांदे गोळा करत होती, आणि ड्रायव्हर टपावर चढून ते चऱ्हाट हातात धरून बसला होता.

"कुठली अंबाडी ही?"

"आमची. शिरोळकडची. का वं?"

"बी देशीला मूठभर?"

पुढच्या बाजाराला म्हाताऱ्यानं खरोखरच रुमालात बांधून बी आणलं. मग गणपतरावांना तोंड फुटलं. आजरा, चंदगड, राधानगरी, गगनबावडा, जिथं गाडी जाईल तिथं ते बी मागत सुटले. माणसंही द्यायची. एसटीचा ड्रायव्हर मूठभर अंबाडीचं बी मागतोय, त्याला नाही कोण म्हणणार? एकीचा देठ लालभडक, एकीचं पान हाताच्या बोटांसारखं फाटलेलं, एकीचं अखंड. एक लवकर फुलायची, एक दिवाळीपर्यंत वाट बघायला लावायची. एकीच्या अंगावर तर काटे. हे सगळं बी ते एकत्र कालवून उसाच्या बांधावर टाकायचे, आणि दरवर्षी त्याचंच बी धरून पुन्हा पेरायचे.

त्यांची बायको बायडाबाई वैतागायची. "भाजीला पाला तोडाय गेलं की कुठला आंबट, कुठला अगोड, काय कळत न्हाय. आणि हाताला काटं!"

गावानं त्या बांधाला नाव ठेवलं होतं, आबांची भेळ. आबा म्हणजे गणपतराव. नाव ठेवलं तरी त्यांना राग नव्हता. उलट पारावर बसून ते ऐकवायचे, "आख्खा कोल्हापूर जिल्हा माझ्या बांधावर उभा हाय. हाय का कुणाकडं?"

ते निवृत्त होऊन घरी बसले आणि त्याच सुमाराला मुलाचं, राजवर्धनचं, लग्न झालं. सून आली जयसिंगपूरची, राजनंदिनी. गडहिंग्लजच्या कॉलेजात ती वनस्पतिशास्त्र शिकवायची. भेंडीवर पडणाऱ्या केवड्यावर तिनं बरीच वर्षं काम केलं होतं. केवडा म्हणजे पानाच्या शिरा पिवळ्या पडत पडत सगळं पान केवड्याच्या पातीसारखं होतं, तो विषाणूचा रोग. पांढरी माशी आजारी झाडाचा रस पिते, तिथून उठून चांगल्या झाडावर बसते, आणि रोग पोचवते. लग्नानंतर पहिल्यांदाच शेतात गेली तेव्हा राजनंदिनी त्या बांधासमोर उभी राहिली ती हललीच नाही.

"आबा, हे सगळं कुठनं गोळा केलं?"

गणपतरावांनी तिला सगळ्या गाड्यांची आणि सगळ्या गावांची गोष्ट सांगितली. ऐकताना ती मध्ये एकदाही हसली नाही. घरी आल्यावर ते बायडाबाईला म्हणाले, "पोरगी हुशार हाय."

त्याच काळात गावात अंबाडीला पुन्हा दिवस आले. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, आणि पिशव्या, दोर, पायपुसणी करणारा एक कारखाना वाख विकत घ्यायला तयार झाला. शेजारच्या मळ्याचा कृष्णात खोत पुढं झाला. चाळिशीचा, धडपड्या, नवीन काही दिसलं की करून बघणारा. त्यानं सुधारित वाणाचं बी आणलं, शेतकऱ्यांचा गट केला, आणि पहिल्या वर्षी त्याच्या रानात अंबाडी अशी उभी राहिली की बघत राहावं. सगळी एका उंचीची, सरळ सोट, अंगावर काटा नाही, बाजूला फांदी नाही. वाखही लांब आणि रेशमासारखा निघाला.

गणपतरावांना ते चांगलं दिसलं, आणि खुपलंही. पारावर कृष्णात म्हणाला, "आबा, आता ती भेळ काढा आणि आमच्यातलं बी घ्या."

"माझी अंबाडी रांगडी हाय, कृष्णा. तुझी नाजूक. उद्या रोगराई आली तर तुझी बसंल खाली. माझ्या अंबाडीला केवडा शिवायचा न्हाय. लिहून घे!"

पुढच्या वर्षी पावसानं मध्येच लांबलचक ओढ दिली, ऊन कडक पडलं आणि पांढरी माशी वाढली. आधी कृष्णातच्या रानाच्या कडेला चार पानं पिवळी दिसली. बघता बघता सगळं रान हळदीत बुडवून काढल्यासारखं झालं. सगळी झाडं एकाच वाणाची, एकसारखी. जे एकीला बाधलं ते सगळ्यांना बाधलं. गटातल्या बाकीच्यांचंही तेच. वाढ खुंटली, वाख आखूड आणि कमजोर निघाला, आणि कारखान्यानं पाठ फिरवली.

गणपतराव पारावर जाऊन काही बोलणार, तोवर त्यांचा स्वतःचा बांध पिवळा पडायला लागला. शिरोळची पिवळी, आजऱ्याची पिवळी, लाल देठाची तर सगळ्यात आधी. ज्या माणसानं गावाला ओरडून सांगितलं होतं, तो मान खाली घालून घरी आला. पाराकडं जाणं त्यांनी बंद केलं. एका सकाळी ते विळा घेऊन बांधावर गेले, सगळी कापून पेटवून द्यायची म्हणून.

राजनंदिनी मागोमाग आली. "आबा, थांबा. सगळी पिवळी न्हाईत."

"कुठं न्हाईत? आंधळी झालीस व्हय?"

तिनं हाताला धरून दाखवलं. दाट पिवळ्यात मधे मधे काही झाडं हिरवीगार उभी होती. चारी बाजूंनी आजारी झाडं, माशा तर पानांवर पिठासारख्या, तरी हिरवी.

गणपतरावांचा चेहरा फुलला. "म्हटलं नव्हतं मी? चल, कृष्णाला बोलवतो!"

"अजून बोलवू नका," ती म्हणाली. "वाचलेलं वेगळं आणि टिकलेलं वेगळं. कदाचित ह्यांच्यावर नेमकी रोगट माशी बसलीच नसंल. आधी बघू."

तिनं त्या झाडांचं बी धरलं. पुढच्या हंगामात परसात कुंड्यांतून ते लावलं, वर मच्छरदाणी ताणली आणि आत पिवळ्या झाडावरच्या माशा सोडल्या. गणपतराव रोज सकाळी चहा घेऊन मच्छरदाणीपुढं बसायचे. एकेक झाड पिवळं पडायला लागलं. बहुतेक सगळी गेली. राहिली ती एकाच प्रकारची, काटेरी. राजनंदिनीनं त्यांची पानं तपासणीला पाठवली. विषाणू आत शिरला होता, पण त्याला वाढता आलं नव्हतं. झाड त्याला पुरून उरलं होतं.

"आबा, ही काटेरी कुठली?"

त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "गगनबावडा. मुक्कामाच्या गावातली आक्का हाय, तिची."

दोघं एसटीनं निघाले. कोल्हापुरात गाडी बदलली. पुढं रस्ताभर गणपतराव ड्रायव्हरच्या गिअर टाकण्याला नावं ठेवत होते आणि राजनंदिनी खिडकीबाहेर बघून हसू दाबत होती. वर घाटमाथ्यावर धुकं उतरलं होतं. गावाच्या टोकाला एका कौलारू घरापुढं म्हातारी शेळी बांधत होती. तिनं वर बघितलं.

"कुठनं आलायसा, पावणं?" मग डोळे बारीक केले. "मुक्कामी गाडीचं डायवर न्हवं तुमी? अंबाडीवालं?"

"व्हय आक्का! अजून हाय का तुमची काटेरी?"

"ती काय, कुपणाला." आक्कानं बोट दाखवलं. घराभोवती काटेरी अंबाडीची रांगच होती. "काटं हायत म्हणून जनावर तोंड लावत न्हाय. म्हणून ठेवली मी."

राजनंदिनीनं विचारलं, "आक्का, हिकडं कधी अंबाडी पिवळी पडलेली बघितली का?"

"पडली की. मी नवी सून आलतो तवा. चांगली उंच अंबाडी व्हती आमची, दोराची. सगळी हळद झाली. परत दोन-चार येळा तसंच झालं. ती उंच बसली. ही तेवढी राहिली. हिचंच बी धरत आलो."

राजनंदिनीचे डोळे चमकले. बाईच्या एका जन्मात, कुणी न ठरवता, रोगानंच निवड केली होती. आक्कानं ओंजळभर बी दिलं, वर चहा पाजला, आणि शेळीचं दूध चालतं का म्हणून आधी विचारलंही नाही.

घरी आल्यावर गणपतरावांनी काटेरी अंबाडीचा वाख काढला आणि त्याला पीळ दिला. झाड बुटकं, फांद्या फार, त्यामुळं वाख तुकड्या-तुकड्यांचा. दोन्ही हातांनी ओढला तशी दोरी फाटकन सुटली. ते तुकडे त्यांनी राजनंदिनीपुढं ठेवले.

"रोगाला भारी, पण दोराला कुचकामी," ते म्हणाले. "काय करायचं हिचं?"

"लग्न लावायचं," राजनंदिनी म्हणाली. "कृष्णातभाऊजींच्या उंच अंबाडीशी."

"त्याच्या अंबाडीशी? त्यापरास शिरोळची घे की!"

"शिरोळचीपण चांगलीच. पण वाखाला सगळ्यात सरस भाऊजींचीच हाय. तुम्हीच म्हणालता, रेशमासारखा म्हणून."

ते म्हणाले होते खरे, फक्त घरात. दोन दिवस गेले. मग सकाळी उठून, टोपी घालून स्वतः कृष्णातच्या दारात गेले. आत जायच्या आधीच मोठ्यानं म्हणाले, "कृष्णा, सोयरीक घेऊन आलोय!" कृष्णातनं सगळं ऐकलं, बी तर दिलंच, वर आपल्या मळ्यातला एक तुकडाही या कामाला दिला. रोगानं तोही पोळला होता, आणि हातावर हात ठेवून बसणाऱ्यातला तो नव्हता.

संकर करायचं काम नाजूक. उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी उघडायची, आतले पुंकेसर चिमट्यानं काढायचे, कागदाची टोपी घालायची आणि सकाळी दुसऱ्या झाडाचा पराग आणून लावायचा. गणपतरावांनी हौसेनं चिमटा घेतला. जन्मभर स्टिअरिंग फिरवलेले हात ते. कळ्या पटापट मोडायला लागल्या.

"सरका तिकडं," बायडाबाई म्हणाली. चिमटा तिनं घेतला आणि राजनंदिनीनं एकदा दाखवल्यावर अशा सफाईनं कळ्या सोलल्या की सून बघत राहिली. त्या हंगामात लागलेली बहुतेक बोंडं बायडाबाईच्या हातची होती. गणपतराव टोप्या घालायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "बगा, आमची बायडा शास्त्रज्ञ झाली!"

पहिल्या पिढीची सगळी झाडं हिरवी राहिली, पण सगळी काटेरी. दुसऱ्या पिढीत खरी भेळ झाली. उंच पण रोगट, बुटकी पण निरोगी, काटेरी, बिनकाट्याची, सगळी सरमिसळ. त्यातून उंच, गुळगुळीत आणि हिरवी अशी निवडायची होती. आणि नेमका त्या वर्षी पाऊस एकसारखा लागला. माशी झाली नाही, केवडा आला नाही. सगळा गाव खूश, आणि चौगल्यांच्या घरात मात्र सासऱ्याचं आणि सुनेचं तोंड उतरलेलं. रोगच नाही तर रोगाला टिकणारं झाड ओळखायचं कसं?

राजनंदिनीनं मग परसात दुहेरी जाळीची खोली उभी केली आणि आत पिवळी झाडं आणि माशा मुद्दाम वाढवल्या. गावात बातमी फुटायला वेळ लागला नाही. गटातली माणसं दारात आली. "आबा, आमी रोगानं मेलोय आणि तुमची सून रोग पाळतीया?"

गणपतराव ओरडायला उठले होते. राजनंदिनीनं त्यांना हातानं थांबवलं आणि सगळ्यांना जाळीजवळ नेलं. माशी बाहेर येऊ नये म्हणून एकामागं एक दोन दारं कशी आहेत ते दाखवलं. "रोग उद्या येणारच हाय, मला न विचारता," ती म्हणाली. "मी त्याला आज, माझ्या हिशोबानं बोलावलंय. ह्यातनं जे झाड हिरवं निघंल ते तुमच्या रानात जाईल. एक माशी बाहेर दिसली तर मी स्वतः ही खोली पेटवून देईन."

कृष्णात पुढं आला. "जाळीला रोज सकाळी मी चक्कर मारतो. भोक दिसलं की बुजवतो. झालं?" ते तिथंच मिटलं.

त्या खोलीतून हिरवी निघालेली झाडं पुढं रानात गेली, पुन्हा बी धरलं, पुन्हा निवडली. हंगामामागून हंगाम गेले. राजनंदिनीला मुलगी झाली, मैथिली. ती रांगायला लागली तेव्हा अंबाडीच्या वाफ्यातच रांगली. उंच, गुळगुळीत आणि रोगाला टिकणाऱ्या अशा पाच ओळी, म्हणजे पाच नवे वाण, शेवटी हाताशी राहिले. पाचही वेगळ्या. एक लवकर येणारी, एक ओलीत तग धरणारी, एकीचा देठ लाल.

मग एका वर्षी पुन्हा तसंच ऊन पडलं. आसपासच्या गावांतली अंबाडी, भेंडी सगळी पिवळी झाली. कृष्णातच्या मळ्यात मात्र त्या पाच ओळी हिरव्यागार डोलत होत्या. लांबून माणसं बघायला आली. विद्यापीठातले तज्ज्ञ आले, त्यांनी पानं नेली, मागच्या हंगामातला वाख नेला, आणि राजनंदिनीशी तासन्‌तास बोलत बसले. गणपतरावांना त्यातलं निम्मंही कळत नव्हतं, पण पांढऱ्या केसांचा एक प्राध्यापक आपल्या सुनेपुढं वही काढून लिहून घेतोय, हे त्यांनी डोळे भरून बघितलं. त्या दिवशी ते पाराकडं गेले आणि हक्कानं मधोमध बसले.

वाख काढल्यावर मळ्यातच छोटा कार्यक्रम ठेवला. आक्काला आणायला राजवर्धन गाडी घेऊन गेला होता. नवं लुगडं नेसून ती पहिल्या रांगेत बसली. नव्या वाखाचा दोर वळून गावातल्या पैलवानांच्या हाती दिला. दोन्हीकडून ताकद लावली, माती उडाली, पोरं पडली, दोर तसाच राहिला. टाळ्या संपेनात.

मागून एकजण उठला. "ताई, पाचातली सगळ्यात चांगली कुठली? तेवढीच द्या आमाला. सगळी तीच लावतो."

राजनंदिनी उत्तर देणार तोवर गणपतराव उठले. त्यांना माइकची गरज नव्हती.

"एक मिळायची न्हाय! एकाच वाणानं कृष्णाचं रान बसलं, ते बघितलंय न्हवं सगळ्यांनी? उद्या ह्या रोगाचा भाऊ येईल, चुलता येईल. त्याला कोण टिकंल ते आज कुणालाच ठावं न्हाय, माझ्या सुनेलाबी न्हाय. म्हणून पाचबी न्यायच्या, पट्ट्यापट्ट्यानं लावायच्या. आणि बांधावर माझी भेळ टाकायची!"

लोक हसले, पण बी पाचही ओळींचं नेलं.

मग नावाचा विषय निघाला. कृष्णात म्हणाला, "पहिल्या ओळीला आबांचं नाव द्या." गणपतरावांच्या मनात ते होतंच, आणि चेहऱ्यावर लपलंही नाही. बायडाबाई म्हणाली, "ह्यांचं नाव दिलं तर त्या झाडाला जिकडं तिकडं फांद्या फुटतील." सगळा मांडव हसून लोळला, त्यात गणपतरावही. मग तेच म्हणाले, "आक्काचं नाव द्या. बी तिचं हाय."

आक्का गांगरली. शेजारी बसलेल्या राजनंदिनीला तिनं हळूच विचारलं, "ह्या नव्याला काटं हायत का गं?"

"न्हाईत आक्का. काढले."

"मग माझं नाव कसं शोभायचं तिला?"

राजनंदिनीनं हसत तिच्या खांद्यावर हात ठेवला. गणपतरावांनी बायडाबाईला खुणेनं जवळ बोलावलं, मैथिलीला कडेवर घेतलं आणि कार्यक्रमाला आलेल्या त्या पांढऱ्या केसांच्या प्राध्यापकापुढं दोघींना नेलं. बोलताना त्यांचा आवाज एरवीपेक्षा खालचा होता.

"ही माझी बायको, संकर हिनं केला. ती तिकडं बसलीया ती माझी सून. डोकं तिचं." आणि कडेवरच्या पोरीकडं बोट दाखवून म्हणाले, "आणि ही अजून शाळंत जायची हाय."